रविवारसाठी गुरुवार

गुरुवारी भोसरीत वीज बंद, म्हणून सगळ्या कारखान्यांना तेव्हा सुट्टी आणि रविवारी काम. कोर्टानं मात्र शेजारच्या वर्कशॉपमधल्या त्या फिटरला लेकीला भेटायला रविवार दिलेला. मग मालकाला पटवून तो गुरुवारी एकटाच यायचा आणि रविवारच्या बदली हातानं कानस चालवायचा. इतकी, की उडालेल्या लोहभुशानं भोसरीच्या झाडांवरच्या चिमण्या गंजल्या.

मी म्हणालो, "राव, पोटगी वेळेवर देता ना? एखादा रविवार चुकला तर काय बिघडतं?"

कानस न थांबवता तो म्हणाला, "पोटगी मनिऑर्डरनं जाती भाऊ, बाप न्हाई जात. अन् चुकलो, तर मेव्हणा कोर्टात सांगायला टपलाय."

एका रविवारी संपामुळं एसटी बंद होत्या. हा सकाळीच लेकीकडे चाकणला पायी निघाला. मी हाक मारली, तर चालता चालताच म्हणाला, "दोनला पोरगी दारात उभी असती. बोलण्यात गुंतवू नका."