दोन डावे कान

संगीताचा फोन आला तेव्हा मी एका मुलाच्या कानाची पट्टी बदलत होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लातूरहून हा फोन यायचा आणि त्यात प्रश्न एकच असायचा. म्हणून नर्सने फोन माझ्या कानाशी धरताच मी उत्तरच देऊन टाकलं, "अप्पांना सांग, अजून काही कळलं नाही." ती म्हणाली, "डॉक्टरबाई, अप्पा सकाळी गेले." दीड महिना झाला, पण आपल्या त्या घाईची मला अजून लाज वाटते.

नागनाथअप्पा किल्लारीजवळच्या एका गावचे सोनार. भूकंपात त्यांचं घर गेलं, दुकान गेलं, बायको गेली. चार वर्षांची लेक संगीता वाचली, पण तिचा उजवा कान गेला. पोरीला घेऊन ते लातूरला आले आणि शिकवणी वर्गांच्या गल्लीत एक गाळा घेऊन बसले. तेव्हा तिथे तीन-चारच वर्ग होते. पुढे गल्लीत वर्ग, खानावळी आणि झेरॉक्सची दुकानं यांच्याशिवाय काही उरलं नाही. डॉक्टर व्हायला परगावाहून आलेल्या मुली कानाला दुसरं भोक पाडून घ्यायला त्यांच्याकडे यायच्या, आणि अप्पा आधी त्यांना आईला फोन लावायला सांगायचे. निम्म्या मुली तिथूनच परत फिरायच्या. संगीता त्याच गल्लीत शिकली आणि तिथेच जीवशास्त्र शिकवू लागली.

ती बारा वर्षांची असताना बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, कोरून तिचा कान करायचा प्रयत्न झाला होता. त्यात पू झाला, सगळं काढावं लागलं. दुसऱ्यांदा बरगडी द्यायला ती तयार नव्हती. बऱ्याच वर्षांनी मी नांदेडला दवाखाना थाटला, कान वाढवू पाहणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या कामात सामील झाले, आणि ते पेपरात वाचून हे दोघे माझ्यासमोर येऊन बसले. मी समजावून सांगितलं: चांगल्या कानातून मुगाएवढी कूर्चा घ्यायची, तिच्या पेशी वेगळ्या करून वाढवायच्या, कानाच्या आकाराच्या जाळीवर त्या रुजवायच्या, जाळी हळूहळू विरघळते, कूर्चा राहते. भरवसा देता येणार नाही, वर्षं लागतील, हेही सांगितलं. पुढे बसलेली संगीता मॅडम एम.एस्सी., पण प्रश्न सगळे अप्पांचे. त्या पेशींना खायला काय घालता? त्या अंधारात ठेवता की उजेडात? आणि शेवटी, "वाढतंय म्हणता, तर थांबायचं कधी ते त्याला कोण सांगतं?" हा प्रश्न मी प्रयोगशाळेत नेला, तर तिथेही दोन शहाणे आपसात भांडायला लागले.

आकाराचा नमुना मात्र मीच करणार, असा अप्पांनी हट्ट धरला. संगणकावर होतं हो, असं मी दोनदा म्हणून पाहिलं. ते म्हणाले, संगणकाने कुणाचा कान टोचलाय का कधी? महिनाभराने कापसात गुंडाळलेला मेणाचा कान घेऊन आले. इतकं नाजूक काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आतली घडी न् घडी संगीताची. मी तो कौतुकाने तिच्या उजव्या बाजूला धरला... आणि तो बसेना. फिरवून पाहिला, तरी बसेना. अप्पांनी डावा कान हुबेहूब उतरवला होता. जन्मभर एका ठशातून दोन्ही कानांची कुडी काढणारा माणूस, त्याने जोडीतला दुसराही तसाच काढला! आधी संगीता हसली, मग मी. अप्पा मात्र तो कान तळहातावर घेऊन बघतच राहिले.

"दागिना दोन्हीकडं एकच चालतो," ते म्हणाले. "कान एकच चालत न्हाई. हजारानं कान टोचले मी, अन् हे आज कळलं."

पुढच्या खेपेला आरशात बघून केलेला उजवा कान आला. प्रयोगशाळेने त्यावरूनच साचा घेतला. त्या साच्यातला पहिला कान चार महिन्यांत सुकलेल्या बोरासारखा आकसला. मी भीत भीत सांगितलं, तर अप्पा म्हणाले, पैलं काम मोडीतच जातं.

त्यांना एवढी तळमळ का, ते एकदाच बोलले. संगीता तपासणीला आत गेली होती. "दगडाखाली कान दबला होता, डॉक्टरबाई. दगूड उचलायला मी थांबलो न्हाई. पोरगीच वढली." थांबला असतात तर पोरगी राहिली नसती, हे मी त्यांना डॉक्टर म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नाही ते मला दिसत होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतून निरोप आला. नव्या तुकड्यांनी आकार धरलाय, माणसावर लावून बघायची परवानगी मिळालीय, पहिलं नाव कुणाचं? अप्पांचा नंबर लावायला हात गेला होता... मग संगीताला बोलावून घेतलं. ती एकटीच आली. कागद नीट वाचून तिने सही केली आणि वर्गातल्या मुलांची परीक्षा आटोपल्यावर तारीख द्या म्हणाली. मला वाटलं होतं, ती उद्याच करा म्हणेल.

"घाई होती ती अप्पांना दाखवायची," ती म्हणाली. "मला कानाशिवाय राहायची सवय हाय. त्यांना न्हवती."

माझ्या टेबलापुढे दोन खुर्च्या आहेत. दाराकडची खुर्ची अप्पांची, ठरलेली. वारा लागतो म्हणून तिथे बसतो, असं ते सांगायचे आणि मी ते खरं धरलं होतं. त्या दिवशी ती खुर्ची रिकामी होती. नर्स फाईल घेऊन आत आली, दार उघडं राहिलं, आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं सरळ संगीताच्या उजव्या बाजूकडे बघू लागली. इतकी वर्षं अप्पा तिथे कशाला बसत होते, ते मला तेव्हा कळलं. मी नर्सला दार लावायला खुणावलं.

संगीताने केस कानामागे सारले, म्हणजे जिथे कान असायला हवा होता तिथे, आणि म्हणाली, "राहू द्या उघडं."