खोक्याला ओ द्यायला शिकवणारा

"हाक मारून बघतो," असं तो म्हणायचा आणि एक डोळा मिटायचा. मोबाईलवर अंगठा टेकवून मान जराशी कलती करायचा, पलीकडच्या गल्लीतून कुणाचा तरी आवाज येणार असल्यासारखी. आवाज काही यायचा नाही. पडद्यावर आकड्यांच्या चार ओळी उमटायच्या. मग डोळा उघडून तो सांगायचा, "द्यायलाय ओ."

सोनपेठेत घरोघरी इंटरनेटची वायर ओढणारा हा माणूस. आधी टेलिफोनचा लाईनमन होता. निवृत्त झाला आणि चौथ्या दिवशी इंटरनेटच्या दुकानात कामाला लागला. "नोकरी बदलली बाई, खांब त्योच हाय," म्हणायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेल. वर खांबाकडे बघितल्यावर दिसतो, खाली उतरला की ओळखू येत नाही.

माझ्या घरी तो राऊटरसाठी आला, तेव्हा मी तरुण होते. बासष्ट वर्षांची. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि मुलगा मला पुण्याला न्यायला टपला होता. मला जायचं नव्हतं. पुण्याच्या त्याच्या घराला बाल्कनी आहे, पण खाली बघून बोलावं असं कुणी नाही. शेवटी त्याने एक अट घातली. रोज सकाळी आठला तो पुण्याहून माझ्या घरच्या राऊटरला पिंग करणार, म्हणजे कॉम्प्युटरवरून विचारणार, की आहेस का. राऊटरने 'आहे' म्हटलं तर मी सोनपेठेत राहायचं. एखाद्या सकाळी उत्तर आलं नाही, तर तो गाडी घेऊन निघणार आणि माझी बॅग भरणार.

"राऊटर आहे यावरून आई आहे हे कसं कळणार?" मी विचारलं.

"रात्री तू सगळी बटणं बंद करून झोपतेस. सकाळी उठून लावतेस," तो म्हणाला. "लावलीस म्हणजे उठलीस."

पोरगं हुशार आहे, बापावर गेलंय. मी खरोखरच फ्रीज सोडून घरातलं सगळं बंद करून झोपायची. राऊटरसुद्धा. दिवसभर त्याचे दिवे लुकलुकतात, त्यालाही विसावा नको का, असं माझं तेव्हाचं शास्त्र होतं.

पण राऊटर मुका निघाला. मुलाने आठ वेळा पिंग केलं, उत्तर नाही. म्हणून या लाईनमनला बोलावलं. तो आला, जमिनीवर मांडी घातली, राऊटर उलटा केला आणि त्याच्या पोटावरच्या चिठ्ठीतला पासवर्ड वाचला.

"बाई, खोक्यात दोष न्हाई. बाहेरून कुनी हाक मारली तर गप ऱ्हायचं, अशी त्याला कारखान्यातूनच ताकीद असती. ती काढावी लागती."

मोबाईलवर त्याने राऊटरचं पान उघडलं. कुठल्या तरी कोपऱ्यात एक इंग्रजी ओळ होती, 'पिंगला उत्तर द्या' अशा अर्थाची, आणि तिच्यापुढे रिकामा चौकोन. त्याने मला चष्मा लावायला लावला आणि चौकोनात बरोबरची खूण माझ्याच बोटाने करून घेतली. दुकानात फोन करून माझ्या घराला एक कायमचा पत्ताही लावून घेतला, नाहीतर राऊटर चालू-बंद झाला की पत्ता बदलतो आणि हाक भलत्याच घरी जाते.

"पण भाऊ, मग चोर पण हाक मारतील की."

"मारू द्या. ओ देईल. दार थोडंच उघडनार हाय."

मी चष्मा काढून ठेवला आणि त्याच्यासाठी चहा टाकला. 

पुण्याला उत्तर पोचलं. मुलगा खूश झाला. इतका, की आधी एक दिवसाआड फोन करायचा तो हळूहळू रविवारी करायला लागला. रोज ओ मिळते आहे, मग आणखी काय बोलायचं. मीही तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर पुणे निघालं असतं.

वर्षभर सुरळीत चाललं. मग वैशाखात एकदा सकाळी सातलाच गडगडायला लागलं. मी विजेला फार जपते. सगळ्या पिना काढल्या, मोबाईल बंद करून जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यात ठेवला, वर झाकण लावलं आणि शेजारणीकडे शेवया करायला गेले. आठ वाजता पुण्याहून हाक आली. खोका गप्प. मोबाईल पिठात. मुलाने गाडीची किल्ली उचलली आणि निघता निघता या लाईनमनला फोन केला.

शेवयांचा पाट माझ्या पुढ्यात होता तेव्हा हा शेजारणीच्या दारात उभा राहिला. पाऊस पडत नव्हता तरी घामाने भिजला होता. माझ्या दाराला कुलूप बघून मागची भिंत चढला होता, हे खरचटलेल्या गुडघ्यावरून कळत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, शेवयांकडे बघितलं, आणि खिशातून फोन काढून मुलाला सांगितलं, "आईसाहेब शेवया करायलेत. खामखा निघू नका. म्हशीनं वायर वढली व्हती, आत्ताच जोडली."

"माझ्या गल्लीत म्हैस कुठाय?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"आज आल्ती," तो म्हणाला आणि शेजारणीकडे पाणी मागितलं.

माझ्यासाठी खोटं बोलायची त्याची ही दुसरी वेळ. पहिली चाळीस वर्षांपूर्वीची. सांगते, पण माझ्या नातवंडांना वाचून दाखवू नका.

मी तेव्हा आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये नवी ऑपरेटर होते. बावीस वर्षांची, कानाला हेडफोन आणि नाकाच्या शेंड्यावर तोरा. तालुक्यातली सगळी बोलणी माझ्या हातातल्या दोऱ्यांमधून जातात म्हणजे तालुका मीच चालवते, अशी माझी समजूत होती. लाईनमन खांबावर चढून तार जोडायचा आणि वरूनच टेस्टचा फोन लावायचा. ऑपरेटरने उत्तर दिलं की जोडणी बरोबर. एवढंच काम. एके दिवशी या पोराने खांबावरून विचारलं, "ए बाई, ऐकू यायलंय का?"

ए बाई. मला.

मला ऐकू येत होतं. मी उत्तर दिलं नाही. त्याने जोडणी सोडली, पुन्हा जोडली, पुन्हा विचारलं. मी नखं बघत बसले. उन्हात तो दीड तास वर होता आणि तोवर परभणीची लाईन बंद. संध्याकाळी साहेबांनी दोघांना उभं केलं. "जोडनी माझीच कच्ची व्हती साहेब," तो म्हणाला. त्याच्या तळहातांना फोड आले होते. मी साहेबांकडे गंभीर चेहऱ्याने बघत होते, अशा निष्काळजी लोकांबरोबर काम करावं लागतं या चेहऱ्याने. अजून तो चेहरा आठवला की त्याला एक ठेवून द्यावीशी वाटते. त्या दिवसानंतर मात्र तो मला 'ए' वगळून नुसतं 'बाई' म्हणायला लागला, तो शेवटपर्यंत.

म्हशीच्या प्रसंगानंतर त्याने राऊटरला एक छोटी बॅटरी जोडून दिली. "आता पीन काढायची न्हाई, बटन बंद करायचं न्हाई. लाईट जाऊ द्या, गडगडू द्या, ह्यो ओ देतच ऱ्हाईल."

तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की आता मी उठले नाही तरी खोका ओ देणार. आठ दिवस उठले नाही तरी. त्याच्याही ध्यानात आलं असणार, जन्मभर हेच काम केलेला माणूस. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही. मुलाला सांगायचा प्रश्नच नव्हता.

दोन वर्षं गेली. मागच्या पौषात लाईनमनची बायको लेकीकडे झरीला गेली होती. सकाळी तो दुकानात आला नाही. दुकानवाल्याने त्याच्या घरच्या राऊटरला हाक मारली. चारही ओळी आल्या. घरी आहे म्हणजे येईल, असं धरून दुकानातले कामाला लागले. अकरा वाजता कुणीतरी बघायला गेलं. तो झोपेतच गेला होता, पहाटे कधीतरी.

तेराव्याला मुलगा पुण्याहून आला. लाईनमनच्या बायकोनेच आम्हाला हे सगळं सांगितलं, एका सुरात, कणीक मळताना बोलावं तसं. मुलगा आणि मी घरी आलो. आल्याबरोबर तो राऊटरपुढे उकिडवा बसला.

"आई, हा रात्री बंद करतेस ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"म्हशीपासून."

"म्हैस नव्हतीच ना?"

"नव्हती."

 "म्हणजे दोन वर्षं मी रोज सकाळी..." एवढं म्हणाला आणि खिशातून मोबाईल काढला. मी आत गेले. कपाटावरची बॅग काढली, पलंगावर ठेवली, पुसली. भांडायचं बळ त्या दिवशी नव्हतं, आणि खोटं बोलायला साथीदार उरला नव्हता. दोन लुगडी आत ठेवली तेव्हा तो दारात आला.

"ती चौकोनातली खूण काढून टाकली मी," तो म्हणाला. "काही उपयोगाची नाही. तू उठतेस किती वाजता?"

"पाचला."

"सहाला फोन करतो. रोज. तू स्वतः उचलायचास."

"रोज काय बोलायचं?"

"काहीही बोल," तो म्हणाला आणि बॅगेतली लुगडी उचलून कपाटात ठेवली. उलटी ठेवली, मी तशीच राहू दिली.

आता सहाला फोन येतो. कधी मुलगा झोपेतल्या आवाजात बोलतो, कधी नुसतं भाजी कुठली करणार ते विचारतो आणि पुढे दोघांनाही काही सुचत नाही. तरी लगेच ठेवत नाही. मी फोन घेऊन दारात उभी राहते. समोरच्या खांबावर लाईनमनने बांधलेली वायर दिसते. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर दोन गाठी. दुसऱ्यांच्या हातची बांधणी एका गाठीची असते. ही दुसरी गाठ कशासाठी, ते विचारायचं राहून गेलं.