रुमालानं धरलेली जागा

ढाणकीच्या बसस्टँडवर भगवानरावला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधावा लागायचा. कृषी केंद्राचा मालक ही त्याची नंतरची ओळख. आधीची आणि खरी ओळख म्हणजे जागा धरणारा. यवतमाळची गाडी स्टँडात वळली की हा तिच्या बाजूनं धावत सुटायचा आणि पिवळ्या काठाचा पांढरा रुमाल खिडकीच्या गजांतून आत टाकायचा. रुमाल पडला की जागा धरली. मग घाम पुसायला रुमाल नाही म्हणून शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसत, सगळ्यांच्या मागून, तो रुबाबात गाडीत चढायचा.

जागा कुणासाठी धरायचा, हे महत्त्वाचं. कधी पंचायत समितीच्या सभापतीसाठी, कधी कृषी खात्याच्या साहेबासाठी, कधी बियाण्याच्या कंपनीच्या माणसासाठी. "बसा साहेब, तुमच्यासाठीच धरली," एवढं म्हणायला मिळालं की त्याचा दिवस सोन्याचा व्हायचा. त्याची बायको तानाबाई बारा वर्षांच्या संसारात त्या रुमालावर एकदाही बसली नव्हती. ती मागच्या दांड्याला धरून उभी असायची आणि पुढे साहेबाच्या शेजारी मान डोलावणारं नवऱ्याचं डोकं पाहत राहायची. त्या डोक्यात काय आहे, हे तिला लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं. काही नव्हतं.

त्या रुमालाचा अपमान तिनं एकदाच पाहिला. फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या लालीबाईनं एका बाजाराच्या दिवशी तो सीटवरून दोन बोटांनी उचलला, खिडकीतून बाहेर सोडला आणि ऐसपैस बसून घेतलं. भगवानराव तणतणत आला.

"ओ बाई, माहा रुमाल होता इथं!"

"होता नं. गेला उडून," लालीबाई म्हणाली. "त्याचं तिकीट काढलंत का, बापा?"

"जागा धरलीये मी."

"धरल्यानं होत असते का जागा? बसल्यानं होते."

अख्खी गाडी हसली. तानाबाईनं पदर तोंडाला लावला. हसू दिसू नये म्हणून.

पण कळंबच्या वारीला हसू आलं नाही. चिंतामणीच्या दर्शनाला निघाले होते, पोरगी निकिता तेव्हा चार वर्षांची. यवतमाळ स्टँडवर भगवानरावला एक ओळखीचे साहेब दिसले आणि त्यानं तानाबाईच्या हातातली पोरगी ओढून घेतली. "आन तिले इकडं, मी बसवतो समोर." समोर साहेब बसले, साहेबांच्या शेजारी भगवानराव बसला आणि पोरगी अनोळखी माणसांच्या पायांत उभी राहिली. गर्दीमुळे तानाबाईला हलता येईना. तिला कळंबपर्यंत फक्त पोरीचं रडणं ऐकू आलं, मग ओकारीचा आवाज, मग काहीच नाही. उतरल्यावर निकिता पांढरीफटक पडलेली, फ्रॉक ओला. भगवानराव म्हणाला, "साहेबांच्या बुटावर उडालं वो थोडं. लय शरम वाटली मले."

त्या दिवसापासून निकिता कुठल्याही गाडीत आईच्या पदराचं टोक मुठीत धरूनच बसायची. पदर सुटला की तिला भडभडून यायचं. आणि पोरगी पुन्हा त्याच्या हाती द्यायची नाही, हे तानाबाईनं तिथंच ठरवलं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. संकरित गेलं, त्याच्या जागी नवं महाग बियाणं आलं, आणि ते विकायला भगवानरावचं दुकान आलं. 'अळी येणारच नाही,' असं तो काउंटरवर हात आपटून सांगायचा. चालणाऱ्या वाणाच्या दोन पाकिटांमागे न चालणाऱ्याचं एक घ्यावंच लागे. उकंडा मोहोड नावाचा म्हातारा पुरता पाऊस होऊनही न उगवलेल्या बियाण्याचं रिकामं पाकीट घेऊन दुकानासमोर सकाळपासून दुपारपर्यंत बसला होता. भगवानराव त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचत होता. पेपर कालचा होता. शेवटी तानाबाईनंच म्हाताऱ्याला पाणी नेऊन दिलं.

त्याच पाकिटांच्या विक्रीवर २००६ साली कंपनीनं त्याला बायको-पोरीसह हैदराबादला न्यायचं ठरवलं. नागपूरहून, विमानानं. सोबत कंपनीचे एरिया मॅनेजर शंकरसिंग साहेब. महिनाभर दुकानात दुसरा विषय नव्हता. तानाबाईनं मात्र एकच गोष्ट विचारली.

"पोरगी माह्याजवळ बसन नं?"

"तिघं लायनीत बसू. जागेचं मले शिकवतं का तू?"

नागपूरच्या विमानतळावर कळलं की या स्वस्तातल्या विमानात सीटला नंबरच नसतो. जो आधी जाईल तो हवं तिथं बसेल. हे ऐकून भगवानरावच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की जणू विमान त्याच्याच नावावर झालं.

"म्हणजे यष्टीच हाय की बुवा! पाह्यजा आता."

विमान सुटायला दोन तास होते. तो तेव्हापासून काचेच्या दाराला नाक लावून उभा राहिला. लोक खुर्च्यांवर बसले होते, चहा पीत होते. शंकरसिंग साहेब दोनदा म्हणाले, "भगवानराव, बसा हो निवांत." पण निवांत बसणं हे त्याच्या मते बिनडोक माणसांचं काम होतं. निकिताला शौचाला न्यायचं होतं, तर तो म्हणाला, "दाबून धर म्हणा, नंबर जाईन." तानाबाई त्याला न विचारता घेऊन गेली.

दार उघडलं. भगवानराव पहिला बाहेर. समोर विमान नव्हतं, बस होती. विमान दूर मैदानात उभं होतं आणि तिथवर नेणारी ही बस. बसमध्ये खुर्च्या जेमतेम आठ-दहा, शेवटच्या टोकाला. बाकी सगळी उभ्यानं जायची जागा. पण खुर्ची दिसल्यावर या माणसाला दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. तो सरळ टोकापर्यंत धावला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर रुमाल टाकला, दुसरीवर साहेबांची बॅग, तिसरीवर स्वतः.

"या साहेब, या! धरल्या! निकिताची माय, ये लवकर!"

विमानतळाचा एक बारीकसा कर्मचारी म्हणाला, "सर, दोनच मिनिटांचा रस्ता आहे."

"दोन मिनिटं असो का दोन तास, जागा ते जागा," भगवानराव म्हणाला आणि त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

तानाबाई गेली नाही. कोपऱ्यात वारा नव्हता आणि निकिताचा चेहरा आत्ताच उतरला होता. ती दाराशीच दांडा धरून उभी राहिली. तशीही बारा वर्षं तिनं दांडाच धरला होता. मागून लोक चढत गेले, बस गच्च भरली, आणि भगवानराव शंकरसिंग साहेबांसह चाळीस माणसांच्या पलीकडे, विजयी मुद्रेनं, खुर्चीत बसून राहिला.

अशा बसचा हिशेब साधा असतो. जो सगळ्यात आत घुसतो, तो सगळ्यात शेवटी उतरतो. दोन मिनिटांनी दार उघडलं आणि पहिलं पाऊल तानाबाईचं खाली पडलं. पोरीचं बोट धरून ती शिडी चढली. वर दाराशी उभ्या असलेल्या हवाई सुंदरीनं हात जोडले, "कहीं भी बैठिए."

तानाबाई तिसऱ्या रांगेत शिरली. खिडकीशी निकिता, मध्ये ती, आणि कडेच्या सीटवर तिनं आपली कापडी पिशवी ठेवली. कुणासाठी? नवऱ्यासाठीच. सवय वाईट असते. एक सूटवाला आला, "कोई है?" "हाय. येऊन राह्यले." एक बाई आली. "येऊन राह्यले." तिसऱ्याला सांगताना तिचाच आवाज तिला परका वाटला. विमान भरत आलं.

सगळ्यात शेवटी भगवानराव उगवला, हातात साहेबांची बॅग, मागे साहेब. सगळ्या विमानात दोनच जागा उरल्या होत्या. एक ही पिशवीची, दुसरी पार शेवटी, संडासाला लागून, दोन आडदांड माणसांच्या मध्ये. भगवानरावनं झटक्यात गणित केलं.

"निकिताची माय, उठ. तू मांगं जाय. साहेब इथं बसतीन, मी मधात. पोरगी राहू दे खिडकीत, मी पाह्यतो तिले."

निकितानं पदर दोन्ही मुठींत धरला. तानाबाईला कळंबच्या गाडीतला तो आवाज ऐकू आला, आणि त्यानंतरचं ते काहीच नाही.

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा साहेब," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच धरली."

शंकरसिंग साहेब अवघडले. "नाही नाही वहिनी, तुमचं कुटुंब आहे. भगवानराव, तुम्ही बसा इथं, मी जातो मागे."

आता खरं तर प्रश्न सुटला होता. भगवानरावनं फक्त 'बरं' म्हणायचं होतं. पण साहेब संडासापाशी आणि आपण पुढे, हे त्याच्या तोंडून निघणं या जन्मी शक्य नव्हतं. जीभ आपोआप वळली.

"छे छे साहेब! तुमी मांगं? शोभते का? बसा, बसा."

"मग तुम्ही?"

"तुमी जा नं मांगं," तानाबाई म्हणाली. "जागा हाय तिथं. रुमाल टाकाले पळाची गरज नाई."

त्यानं खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. रुमाल नव्हता. मागचे लोक हसायला लागले तसा तो नजरा चुकवत, दोन्ही बाजूंच्या गुडघ्यांना धडकत, शेवटपर्यंत गेला. त्या दोघा आडदांडांच्या मध्ये तो बसला तेव्हा फक्त टक्कल दिसत होतं.

"आई," निकिता खिडकीशी कुजबुजली, "ते पाह्य."

खाली रिकामी बस वळत होती. मागच्या काचेतून खुर्च्यांची ती कोपऱ्यातली रांग दिसली आणि तिच्यावर पिवळ्या काठाचा रुमाल. एकटा, ऐसपैस.

विमान उचललं तेव्हा निकितानं डोळे मिटले आणि डोकं आईच्या खांद्यावर टाकलं. तिला भडभडलं नाही. साहेब थोड्या वेळानं म्हणाले, "वहिनी, भगवानराव मागे एकटेच पडले हो."

तानाबाईनं वळून पाहिलं नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "आमी दोघी बसलो नं एकाजागी."