जिन्याचं फाटक

माझ्या थोरल्या जाऊबाई घरीच पाळणाघर चालवतात. भाऊजी गेले त्या वर्षी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सतरंज्या अंथरल्या आणि लोकांची मुलं सांभाळायला घेतली. मुलं त्यांना माऊ म्हणतात. दार दिवसभर सताड उघडं. दार लावलं की पोरांना कोंडल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या दारासमोरच जिना. मध्यंतरी एक पोर रांगत रांगत पहिल्या पायरीपर्यंत पोचलं. मी कपडे वाळत घालून येत होते म्हणून हाती लागलं. त्याच्या आईने सरळ सांगितलं, "जिन्याला फाटक लावा, नाहीतर मी दुसरीकडे बघते." बाकीच्या आयांनीही माना हलवल्या. मुलं गेली तर जाऊबाईंच्या हाती राहणार काय? मी त्यांच्या फोनवरून फाटक मागवलं. खोकं आलं, उघडलं, तर आत चपला ठेवायचं लोखंडी स्टँड.

"घ्या! पोरं गडगडली तरी चपला जागच्या जागी राहतील," मी म्हटलं. जाऊबाई हसल्या नाहीत.

हे परत गेल्याशिवाय रिफंड नाही आणि रिफंडशिवाय दुसरं फाटक नाही. परत न्यायला आला तो गब्बू. आमच्या गल्लीचा कुरियरवाला, आणि याच सतरंजीवर वाढलेला. आई कारखान्यात पाळीवर जायची, आणि हा जाऊबाईंची करंगळी धरल्याशिवाय झोपायचा नाही. त्याला गोवर आला तेव्हा बाकीची मुलं माझ्या गळ्यात घालून त्या त्याच्या उशाशी बसल्या होत्या. आता दोन लेकरांचा बाप झालाय, पण दारात आला की अजून तेच, "माऊ, पाणी दे गं."

पाणी पिऊन म्हणाला, "आज गाडीवर जागाच नाही बघ. ओटीपी आला असेल तो सांगून ठेव, खोकं उद्या नेतो."

"तूच बघ बाबा, मला चष्म्याशिवाय दिसत नाही," म्हणत जाऊबाईंनी फोनच त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही. रिफंडचा पत्ता नाही. मी जाऊबाईंना कंपनीचा फोन लावून दिला.

"तुम्ही वस्तू ठेवून घेतलीत असं दिसतंय, मॅडम."

"मी? चपलांचं स्टँड? त्यावर काय पोरं झोपवू?"

रोज हीच वादावादी. जाऊबाई कंपनीला खोटारडी, लबाड, काय वाटेल ते बोलल्या. वर म्हणायच्या, "आमच्या गब्बूला विचारा. त्याने डोळ्यांनी बघितलंय." शेवटी फोनवर एक शांत मुलगी भेटली. तिने सगळं नीट तपासलं आणि म्हणाली, "आजी, तुमचा ओटीपी घालून आमच्याच माणसाने लिहिलंय, ग्राहकाला वस्तू परत द्यायची नाही."

जाऊबाईंनी फोन ठेवला. तो ओटीपी त्यांनी एकट्या गब्बूलाच दाखवला होता.

चार दिवसांनी गब्बू शेजारच्यांचं पार्सल घेऊन वर आला. जाऊबाईंनी त्याला आत बोलावलं, मला फोन लावायला सांगितला आणि तो त्याच्यापुढे धरला. "सांग त्यांना खरं काय ते."

तो हळू आवाजात म्हणाला, "माऊ, खोकं उचलायचं राहिलं की आमच्या नावावर लाल खूण पडते. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तर नाही पडत. दुसऱ्या कुणाकडे केलं असतं तर तक्रार झाली असती. तू थोडीच करणार होतीस?"

एवढ्यात पलीकडून आवाज आला. हा पठ्ठ्या क्षणभरही अडखळला नाही. "मॅडम, बाईंनीच ठेवते म्हणून सांगितलं होतं."

बाईंनी! ज्या तोंडात घास भरवला त्याच तोंडाने.

जाऊबाईंनी फोन काढून घेतला. "हा खोटं बोलतोय. तक्रार लिहून घ्या." आणि त्यांनी त्याचं खरं नाव सांगितलं, आडनावासकट. आमच्या घरात ते नाव कधी कुणी उच्चारलंच नव्हतं.

रिफंड आला. गब्बूचं काम गेलं. त्याची आई रस्त्यात भेटली की तोंड फिरवते. पोराच्या पोटावर पाय दिला म्हणते. जाऊबाई संध्याकाळी देवापुढे बसतात तेव्हा सगळ्या मुलांची नावं घेतात, मोठी होऊन गेलेल्यांचीसुद्धा. त्यात पहिलं नाव गब्बूचं असायचं. आता त्या दुसऱ्या नावापासून सुरुवात करतात. त्याचं मी मनातल्या मनात घेते, त्यांना सांगत नाही.

मग नवं फाटक आलं. आणणारा माणूसही नवा. दारात खोकं टेकवून घाम पुसत म्हणाला, "ओटीपी सांगा, मावशी."

जाऊबाई चष्मा लावून, फोन मुठीत धरून उभ्या होत्या. "आधी खोकं उघड."

"अहो, तुमचंच आहे. विश्वास नाही का माझ्यावर?"

"नाही," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्याच्या हातात कात्री दिली.