बोलणं धरलं जाणार नाही

कॉलेजच्या खरेदी समितीवर मला घेतलं ते माझं शिक्षण पाहून नव्हे. मी नववी नापास. संग्रामपूरच्या बाजारात हातगाडीवर भाजी विकता विकता मिरचीचा व्यापारी झालो, आणि समोरच्याला घाम फुटल्याशिवाय मी सौदा उरकत नाही, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. प्राचार्यांना तेवढंच हवं होतं.

ग्रंथालयासाठी इंटरनेटवरची पुस्तकं घ्यायची होती. ती कॉलेजच्या आवारातल्या कॉम्प्युटरवरच उघडणार, बाहेर नाही. कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता. मी भाव पाडत आणला. तो आणखी उतरणार हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि तिथेच मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"भाव राहू द्या," मी म्हणालो. "पण शिकून गेलेली पोरं, गावातली पोरं, कोणीबी येऊन बसलं तं त्याले वाचता आलं पाहिजे. हाव का नाही?"

"काहीच अडचण नाही, भाऊ. ग्रंथालय तुमचंच आहे."

"शब्द?"

"शब्द."

त्याने हात पुढे केला, मी धरला. आमच्या बाजारात सौदा इथे संपतो. नंतर माल भिजो, भाव पडो, कोणी मागे फिरत नाही. पुढे इंग्रजीतला जाडजूड करार आला. समितीतर्फे मी सही केली. टेबलाभोवती प्राध्यापक बसले होते. एकानेही तो वाचून दाखवला नाही.

मी थांबलो ते भाचीसाठी. याच कॉलेजात शिकून, अमरावतीला एम.एस्सी. करून ती घरी आली होती आणि प्राध्यापकाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. बहिणीला तिच्या लग्नाची घाई. परीक्षा होईपर्यंत स्थळ पाहायचं नाही, असं मी बहिणीला बजावलं होतं. ग्रंथपालांनी भाचीला बाहेरची वाचक म्हणून खातं काढून दिलं. ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ती तिथे बसायची.

परीक्षा तोंडावर आली आणि कंपनीचा मेल आला. परवानगी नसलेली माणसं पुस्तकं वाचताहेत. त्यांना बंद करा, नाहीतर सगळ्या कॉलेजचंच बंद होईल.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "भाऊ, करारात फक्त विद्यार्थी आणि शिक्षक आहेत. तुमची भाची त्यात बसत नाही."

मी त्यांच्यासमोरच पुण्याला फोन लावला. "काऊन बे, हात देल्ता ना तू?"

"सर, करार बघा ना. शेवटून दुसरं कलम."

प्राचार्यांनी ते काढून मराठीत सांगितलं. या करारापूर्वी झालेलं कोणतंही तोंडी बोलणं धरलं जाणार नाही.

म्हणजे मी त्याला भेटायच्या आधीच कंपनीने माझ्या शब्दाची सोय करून ठेवली होती. छापील. माझ्यासारखे किती जण हात देऊन बसले असतील, तेव्हा हे छापायची वेळ आली! मी फोनवर जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग तो म्हणाला, "बाहेरच्या वाचकांसाठी वेगळा दर आहे, सर."

ज्या गोष्टीसाठी मी भाव सोडला, तीच तो मला पुन्हा विकत होता. तरी मी म्हणालो, दर सांग, मी खिशातून भरतो. तर म्हणे, एकट्या माणसाकडून घेता येत नाही, पुढच्या वर्षीच्या करारात बघू.

भाचीला सांगायला मीच गेलो. मला पाहताच तिने वही मिटली.

"मामा, मले ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"रोज पुस्तक उघडायच्या आंधी पडद्यावर येते ना. कोणी वाचाचं, कोणी नाही. खाली 'मान्य आहे' दाबा लागते. पहिल्याच दिवशी वाचलं मी."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही भांडले असते, अन् त्याहीनं त्याच दिवशी बंद केलं असतं. म्हणून भराभर वाचून घेतलं. अर्धं झालं."

माझी समजूत काढायला बोलली ती. मला मात्र ते त्या कलमापेक्षा जास्त लागलं. सगळ्या बाजारात चालणारा माझा शब्द तिने एक दिवसही धरला नव्हता, आणि तिचंच बरोबर निघालं.

परीक्षा तिने अर्ध्या अभ्यासावर दिली. निकाल लागला तेव्हा बहिणीने मला काही विचारलं नाही, सरळ स्थळं पाहायला लागली. भाची डोणगावला दिली. मामा म्हणून मंडपात तिला मीच आणलं.

यंदा करार नव्याने करायला तोच माणूस आला. मला पाहून हसला, हात पुढे केला.

"आंधी शेवटून दुसरं कलम काढ," मी म्हणालो.

"ते छापीलच असतं, सर. निघत नाही."

"मंग हात कायले पुढे करतं बे?"