आंजेलमायची गाळलेली ओळ

देवाशी खोटं बोलायचं नाही, हा एकच हट्ट आंजेलमायने धरला आणि त्यापायी वाड्यावरच्या सगळ्या वस्तीला वेठीस धरलं.

गोव्यातल्या चोपड्यात तिचं घर आमच्या घराला लागूनच. तिचा एकुलता मुलगा इनास नदीच्या मुखाशी मासे मारायला गेला, तो परतला नाही. होडी सापडली, इनास नाही. तरी रोज तिन्हीसांजेला ती अंगणातल्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, मेणबत्ती लावून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. शेजारणी जमायच्या, आम्ही हिंदू पोरं पायरीवर बसायचो. 'देवा, तुझ्या मनासारखं होऊ दे' अशा अर्थाची ओळ आली की ती गप्प व्हायची. ती ओळ गाळून मग कधीतरी पुढच्या ओळीवर जायची. सगळे ताटकळत बसायचे.

पाद्रीने समजावलं, तर त्यालाच म्हणाली, "माजो पूत व्हेलो तें म्हाका बरें दिसूंक ना. देवाक फट कशी सांगूं?" माझा मुलगा नेला ते मला बरं वाटलं नाही, मग देवाला खोटं कसं सांगू, असा तिचा सवाल.

"मग तेर्स तरी कित्याक म्हणता?" पाद्रीने विचारलं.

"तेर्स सोडल्यार इनासाची खबर कोणाक विचारूं?"



गोवा घटकराज्य व्हायच्या आधीचे, राजभाषेच्या वादाचे ते दिवस. बाबा मराठीच्या सभांना जायचे, तिचे भाचे कोकणीच्या. एकदा अंगणातच कडाक्याचं भांडण झालं आणि दोन्ही घरांतलं येणं-जाणं बंद पडलं. त्याच वर्षी डिचोलीच्या खाणीवरून येताना बाबांचा ट्रक उलटला. बाबा गेले. त्या दिवशी आमच्या दारात पहिली आली ती आंजेलमाय. सांत्वन वगैरे काही नाही, आईजवळ जमिनीवर बसून राहिली.

सुतक संपलं तरी आई देवघराकडे फिरकेना. खाणंपिणं तुटलं, तीही हातची जाते की काय अशी मला धास्ती पडली. आंजेलमाय उंबऱ्यातूनच म्हणाली, "बाय, दिवो लाय. देवाकडेन भांडूंक जाय जाल्यार त्याचें तोंड तरी दिसूंक नाका?"

भांडायचं तरी देवाचं तोंड दिसायला हवं, म्हणून आईने दिवा लावला. लावता लावता ती बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली आणि मग पेज प्यायली.

पुढे आंजेलमाय अंथरुणाला खिळली. तेर्स तिच्या खाटेपाशीच शेजारची फ्लोरिना म्हणू लागली. त्या ओळीशी तीही थांबायची. वाड्याला ती सवयच जडली होती. एका संध्याकाळी फ्लोरिना अशीच थांबली, आणि खाटेवरून बारीक, स्वच्छ आवाज आला. आंजेलमाय ती ओळ म्हणत होती. अख्खी.

तिच्या पायाशी बसलेल्या आईने विचारलं, "आंजेलमाय, आज कशें म्हळें गे?"

"आतां फट ना, बाय. हांव वतां न्हय त्याका पळोवंक." आता ते खोटं नव्हतं; ती इनासला बघायला निघाली होती.

देवाने तिला शांती दिली, असं सगळ्या म्हणाल्या. दिलीही असेल. मी मात्र बाहेर पायरीवर जाऊन हमसून रडलो, कारण ती आता आम्हाला सोडून जाणार हे मला त्या ओळीनेच सांगितलं होतं.