चौदा नंबरची ट्यूब

प्रेमलता तारीने पहिल्याच दिवशी माझं डोकं उठवलं. मालवणात एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमचा अभ्यास सुरू झाला होता. मासे विकणाऱ्या बायकांच्या हातांना जो इसब होतो, तो का होतो आणि कशाने बरा होतो, हे शोधायचं होतं. मी त्या अभ्यासाची नर्स. फॉर्म भरणं, हातांचे फोटो काढणं आणि वेळेवर न आलेल्या बायकांना बाजारात जाऊन शोधून आणणं ही माझी कामं. मी मूळची वैभववाडीची, समुद्राशी माझा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. शिवाय मी चिडकी आहे. तीस वर्षं वॉर्डात काढली की माणूस चिडका होतो. जे होत नाहीत ते बहुधा कामच करत नसावेत.

तर मी प्रेमलताला खुर्चीवर बसवलं आणि नाव, वय, किती वर्षं त्रास आहे असं विचारायला लागले. तिने उत्तरं द्यायची सोडून उलट मलाच विचारलं, "सिस्टर, आमी तीस जणी त्याच बर्फात हात घालतंव. तांचे हात बरे. मगे माकाच कित्या?"

"तुलाच का, ते डॉक्टरांना विचार. तुझं वय सांग."

"वय अठ्ठेचाळीस. पण माकाच कित्या?"

तिचे तळवे लालभडक होते, बोटांच्या पेरांवर भेगा, आणि मिठाचं पाणी लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. मासेवालीचे हात म्हणजे तिचं दुकान. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत सुरमई उचलायची, कल्ला उघडून दाखवायची, तिथेच कापून द्यायची. प्रेमलताचे हात दिसले की गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे सरकायचं. एका बाईने तर तोंडावर विचारलं होतं, हा महारोग नाही ना? तेव्हापासून ती पदराखाली हात घेऊन बसायची. असंच चाललं असतं तर वर्षभरात तिची बाजारातली जागा गेली असती. हे तिनेच मला सांगितलं, रडत वगैरे नाही, उद्या वारा पडेल असं सांगावं तसं.

संचिता मॅडम, म्हणजे आमच्या त्वचारोगाच्या डॉक्टर, तिचा प्रश्न ऐकून खूश झाल्या. "सिस्टर, आपण हाच तर प्रश्न घेऊन आलोय इथे!" त्यांनी प्रेमलताच्या हातावर, कोपराच्या खाली, वेगवेगळ्या माशांच्या रसाचे थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबातून बारीक सुई टोचली. वीस मिनिटांनी कोळंबीच्या थेंबाखाली गांधी उठली. मग मॅडमनी समजावलं: कातडी म्हणजे गडगा, दगड रचून केलेलं कुंपण. साबण, मीठ आणि बर्फ यांनी गडग्याचे दगड निखळतात. काहींचा गडगा जन्मतःच कच्चा. त्या फटीतून कोळंबीचा अंश आत शिरतो, शरीर त्याला चोर समजतं आणि आग लावून बसतं. तीच ही लाली, तीच ही खाज.

"म्हणजे हो नागाचो कोप नाय?" प्रेमलताने विचारलं.

"नाही."

"अरे देवा! तीन वर्षां गाऱ्हाणी घालून त्या देवाक उगाच त्रास दिलंय."

मला हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली, पण हे तिला कळू द्यायची माझी पद्धत नाही.

मग उपचार. प्रत्येकीला हातमोज्यांचे दोन जोड, आत सुती आणि वर रबरी, आणि नंबर घातलेली एक ट्यूब. दर आठवड्याला त्याच नंबरची नवी. मी सगळं नीट सांगितलं होतं. अर्ध्या ट्यूबांत नवं औषध आहे, अर्ध्यांत नुसतं मलम. कोणाच्या ट्यूबमध्ये काय, हे मला माहीत नाही, मॅडमना माहीत नाही. ती यादी पुण्याला पाकिटात बंद आहे. बारा आठवडे संपले की हातांची तुलना होणार. जी शेवटपर्यंत नियमाने राहील तिला, औषध गुणाचं ठरलं तर, पुढे वर्षभर फुकट मिळणार.

"म्हणजे माका नुसता मलम पण मिळात?"

"मिळू शकतं."

"ही फसवणूक झाली."

"आधी सांगून कोणी फसवतं का गं? सही कर."

तिने सही केली. तिला चौदा नंबरची ट्यूब मिळाली आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या विनीताला पंधरा. विनीता तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हात तिचेही तसेच.

चौथ्या आठवड्यात प्रेमलताच्या भेगा मिटायला लागल्या. लाली उतरली. फोटो काढताना ती हात असे पुढे करायची की जणू मी बांगड्याच भरणार आहे. विनीताचे हात मात्र होते तसेच. मी दर वेळी फॉर्मवरचा ठरलेला प्रश्न विचारायची, "ट्यूबशिवाय दुसरं काही लावलंस?" दोघी म्हणायच्या, "नाय." आठव्या आठवड्यापासून विनीताचेही हात सुधारले. मी लिहीत गेले. नर्सने लिहायचं, शहाणपणा करायचा नाही.

बाराव्या आठवड्यात, शेवटच्या तपासणीला, प्रेमलता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "सिस्टर, ह्या कागदाचा पुढे काय करतत?"

मी सांगितलं. रेडीपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांचे आकडे एकत्र होतील, आणि त्यावरून ठरेल की हे औषध अशा हातांना द्यायचं की नाही. तुझ्यासारख्या हजारो जणी असतील, कुठे कुठे.

तिने कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "माजा चुकला."

झालं होतं ते असं. एका मंद दिवशी बाजारात गिऱ्हाईक नव्हतं. दोघी रिकाम्या बसल्या होत्या. विनीता हात लपवून रडत होती. प्रेमलताच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की आपला हात बरा होतोय, म्हणजे औषध चौदा नंबरातच आहे. आता रापणीचा नियम मालवणात कोणाला सांगायला नको, पण घाटावरच्यांसाठी सांगते: किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात तेव्हा दोरीला ज्याने हात लावला त्याला माशांचा वाटा मिळतोच; तो कोण, किती ओढलं, कोणी विचारत नाही. त्या हिशोबाने वाढलेली बाई एकटीने बरी होणार कशी? तिने नारळाची करटी घेतली, दोन्ही ट्यूबा तीत पिळल्या, बोटाने ढवळल्या आणि बरोबर दोन वाटे केले. तेव्हापासून दर नव्या ट्यूबेला तेच. वर विनीताला दम देऊन हातमोजेही घालायला लावले.

मी भडकले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दोन माणसांचे बारा आठवडे पाण्यात! कोणाचा हात कशाने बरा झाला, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं.

आणि मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मॅडम पलीकडच्या खोलीत होत्या. मी दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, मी काही ऐकलेलं नाही. मॅडमना सांगितलंस तर तुम्ही दोघी बाहेर. वर्षभराचं औषध गेलं. हात परत तसे झाले तर बाजारात कशी बसशील? सही कर आणि घरी जा."

तिने माझ्याकडे बघितलं. घाबरली होती, हात मांडीवर घट्ट धरले होते. "सिस्टर, शिळो मासो ताजो म्हणान मी कधी विकूक नाय. ह्यो कागद तरी कित्या विकू?"

मॅडमसमोर तिने ठेवणीतलं मराठी काढलं. "मॅडम, माझी चूक झाली आहे. विनीताची काही चूक नाही. औषध मी मिसळलं." पुढे मात्र मालवणीच बाहेर पडलं, आणि डोळ्यांतून पाणीही.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कधी मिसळलंत? दिवस आठवतो?"

"आठवता मां! सोमवार, आणि त्यात एकादस. कोण मासे घेतलो? म्हणान तर आमी रिकामी होतंव."

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेतलं. गेल्या तीन महिन्यांत सोमवारी आलेली एकादशी एकच होती, पाचव्या आठवड्यातली. त्यांनी तारीख लिहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे त्याआधीचं सगळं खरं आहे. ते राहील. पुढचं मात्र वेगळं नोंदवावं लागेल. तुम्हां दोघींचं इथेच थांबेल. आणि ते वर्षभराचं औषध..."

"कळला," प्रेमलता म्हणाली.

ती गेली तेव्हा मला वाटलं, आता महिन्याभरात हिचे हात फाटणार आणि ही मला शिव्या देणार. पण तिने हातमोजे सोडले नाहीत. दवाखान्यातून सांगितलेलं साधं मलम सकाळ-रात्र चोळत राहिली, कोळंबीला हात लावणं बंद केलं. हात टिकले. विनीताचेही टिकले. आणि विनीता बाजारभर सांगत सुटली की प्रेमलताने आपल्या तोंडातला घास काढून मला दिला. रोज येताना तिच्यासाठी चहा आणायची, वाकून नमस्कार करायची. प्रेमलता "सोड गो" म्हणायची, पण तिला ते आवडायचं. का आवडू नये?

वर्षाने पुण्याचं पाकीट उघडलं. ज्यांचे हात फार बिघडले होते त्यांना औषधाचा गुण आला होता. नुसतं मलम आणि हातमोजे नेमाने वापरणाऱ्याही बऱ्याच जणी सुधारल्या होत्या. प्रत्येकीला तिच्या ट्यूबमध्ये काय होतं ते समक्ष जाऊन सांगायचं, असं मॅडमनी ठरवलं. आमच्या यादीतल्या दोघी बाहेर पडलेल्या असल्या तरी त्यांनाही.

मी बाजारात प्रेमलताच्या टोपलीशी उकिडवी बसले आणि हळूच सांगितलं, "चौदा नंबरात औषध नव्हतं गं. नुसतं मलम होतं."

तिने हात उलटसुलट करून बघितले. "मगे ह्ये कशान बरे झाले?"

"पहिले चार आठवडे तर नुसत्या मलमाने, हातमोज्यांनी. तू एक दिवस चुकवला नाहीस म्हणून."

"आणि विनीताच्यात?"

"तिच्यात होतं. हळूहळू लागू पडणारं."

एका गिऱ्हाइकाने पापलेटचा भाव विचारला, तिने ऐकलंच नाही. म्हणाली, "म्हणजे वर्षभर ती माका हात जोडता, आणि दिल्यान तर तिणाच. आपला अर्धा औषध माका दिल्यान."

मला तिची दया आली. मी म्हणाले, "मी तिला फक्त तिच्या ट्यूबचं सांगते. तुझं सांगायलाच हवं असं नाही."

"सिस्टर, तुमी माका लपवूक ह्या दुसऱ्यांदा शिकवतास."

ती उठली. तीन टोपल्या पलीकडे विनीता बांगडे लावत होती. तिच्यासमोर उभं राहून, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात प्रेमलताने सांगितलं, की माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं, औषध तुझं होतं, तुझं अर्धं मी घेतलंय. विनीताला काही कळेना. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग प्रेमलता खाली बसली आणि त्या लहान बाईचे दोन्ही हात, माशांच्या खवल्यांनी भरलेले, धरून तिने आपल्या कपाळाला लावले.

"सोड गो, लोक बघतत!" विनीता म्हणाली.

लोक बघतच होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. प्रेमलताने हात सोडले नाहीत.